टीव्ही मालिकेचा सेट आणि तुमची मशीन: मोठा खर्च किती महिन्यांवर वाटायचा?

व्हिडिओखाली एक प्रश्न नेहमी येतो: "सर, मशीन घेतली आणि पहिल्याच महिन्यात तोटा दिसतोय. धंदा बंद करू का?" उत्तरासाठी आज १९६३ सालच्या लंडनला जाऊया.

काय घडलं?

बीबीसी 'डॉक्टर हू' नावाची नवी मालिका सुरू करत होती. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, वय फक्त २७. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म आपल्या लखनौचा. एका भागाचं बजेट साधारण २,३०० पौंड. पण डॉक्टरच्या यानाचा आतला सेट उभा करायलाच एका भागाच्या बजेटपेक्षा जास्त पैसे लागले. त्यात सप्टेंबरमध्ये रेकॉर्ड केलेला पहिला भाग वरिष्ठांना पटला नाही. तो ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावा लागला.

कार्यक्रमप्रमुख डोनाल्ड बॅव्हरस्टॉक यांनी खर्च पाहिला आणि मालिका ४ भागांतच थांबवायची गोष्ट सुरू झाली. तेव्हा एकही भाग प्रसारित झाला नव्हता!

भांडण कशावरून?

सेट तोच, बिलही तेच. प्रश्न होता भागायचं कितीने. ४ भागांनी भागलं तर प्रत्येक भाग महागडा. वर्षभराच्या ५२ भागांनी भागलं तर तोच खर्च किरकोळ. शेवटी १३ भागांना मंजुरी मिळाली आणि २३ नोव्हेंबर १९६३ ला मालिका सुरू झाली.

आता आपला हिशोब

समजा, तुम्ही मसाल्यासाठी ७२,००० रुपयांची कांडप मशीन घेतली. महिन्याला ४०० किलो मसाला निघतो. मशीनचा बोजा एका किलोवर किती?

- सगळा खर्च पहिल्याच महिन्यात टाकला: १८० रुपये
- ६ महिन्यांवर वाटला: ३० रुपये
- ३६ महिन्यांवर वाटला: ५ रुपये

म्हणजे पहिल्या महिन्याचा "तोटा" खरा की वहीतला, हे आधी तपासा. १८० रुपये धरून भाव लावलात तर गिऱ्हाईक पळेल. मशीनचा खर्चच धरला नाहीत, तर मशीन बिघडेल तेव्हा नवी घ्यायला गल्ल्यात काही नसेल.

पण इथे गंमत आहे

३६ हा आकडा मनाने लिहायचा नाही. लॅम्बर्टच्या हातात शेवटी १३ भागच पक्के होते, ५२ नाही. आपलंही तसंच. मशीन ३ वर्षं टिकेल हे ठीक, पण ३ वर्षं गिऱ्हाईक येईल का? पक्क्या ऑर्डरी आणि नेहमीचं गिऱ्हाईक जितके महिने दिसतंय, तितकेच महिने धरा. बाकीची आशा वहीत लिहू नका.

आणि खर्च वहीत वाटला तरी मशीनवाल्याला पैसे आजच द्यावे लागतात. हप्ता असेल तर तो दर महिन्याच्या रोख हिशोबात वेगळा मांडा.

केलेला खर्च कामाला लावा

पहिली कथा ४ भागांची, दुसरी ७ भागांची. १३ पूर्ण व्हायला २ भाग उरले. मग लेखन-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी अशी कथा लिहिली, जी पूर्ण यानातच घडते. नवे कलाकार नाहीत, नवी जागा नाही. नेहमीचे चौघे आणि तयार सेट. नव्या खर्चात हात आखडता घेऊनही प्रेक्षकांना वेगळी कथा मिळाली.

तुमची मशीन दुपारी रिकामी असते का? शेजारच्या बचत गटाचा मसाला कांडून द्या, मजुरी घ्या. किलो वाढले की प्रत्येक किलोवरचा बोजा उतरतो.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या सर्वात मोठ्या खरेदीची किंमत लिहा.
२. पक्कं काम किती महिन्यांचं आहे ते लिहा आणि भागाकार करा.
३. ती वस्तू आठवड्यात किती तास रिकामी असते ते मोजा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये नक्की टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच काही उदाहरणं सोडवूया!