भाव कळला, पुढं काय?

मंडळी, कांदा काढला. वाळवला, पात कापली, गोल्टी बाजूला केली. आता गोण्या भरून न्यायच्या कुठं? पारनेरला, नगरला, की थेट पुण्याला?

राळेगणसिद्धीत पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. पाणीच नव्हतं, मग विकायला माल कुठला? १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं गावानं बंधारे बांधले, उतारावरचं पाणी अडवलं. विहिरींना पाणी आलं, मळ्यात कांदा आला. माल आला तशी भावाची काळजीही आली.

आज खिशात मोबाइल आहे. चार बाजारांचे भाव बसल्या जागी कळतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडतात का? पारावर बसून हे ठरत नाही. ते मोजावं लागतं. काही अभ्यासकांनी ते मोजलं आहे.

पहिली हकिकत केरळच्या किनाऱ्याची. १४ जानेवारी १९९७ चा दिवस. आपल्याकडे संक्रांत होती. वडकरा भागातल्या एका गावी ११ कोळ्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. त्यांनी तारली मासळी फेकून दिली. आणि त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या बाजारांत २७ गिऱ्हाइकं मासळीवाचून परत निघाली होती! एकाची खबर दुसऱ्याला नव्हती, एवढंच.

त्याच वर्षापासून त्या किनाऱ्यावर मोबाइल येऊ लागला. कोळी होडीतूनच विचारू लागले, ‘भाव कुठं बरा आहे?’ आणि होडी तिकडं वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं ही नोंद काही वर्षं ठेवली. मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला. खाणाऱ्यालाही मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली. दोघांचंही भलं झालं. असं व्यापारात फार वेळा होत नाही.

दुसरी हकिकत आपल्या महाराष्ट्राची. २००७ पासून इथं एक कंपनी शेतकऱ्यांना भाव आणि हवामान मोबाइलवर संदेशानं कळवू लागली. फाफशां आणि मिंटन या दोन अभ्यासकांनी १०० गावं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही शेतकऱ्यांना हे संदेश वर्षभर फुकट दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. मग दोघांचे हिशेब ताडून पाहिले. २०१२ साली निकाल छापला. भावात मोजण्याजोगा फरक नव्हता. काहींनी बाजार बदलला, काहींनी प्रतवारी केली, पण फरक थोडाच.

असं का? मला वाटतं, कारण उघड आहे. कोळ्याच्या हाती होडी होती. आपल्याकडे खबर मिळते, पण हात मोकळे नसतात. आडत्याकडून उचल घेतली असेल, तर माल त्याच्याच गाळ्यावर उतरतो. शिवाय आपल्याकडे लिलाव उघड्यावर होतो. कालचा भाव शेजाऱ्याकडून कळतोच.

आता एक गणित करू. समजा, ३० क्विंटल कांदा आहे. जवळच्या बाजारात भाव १२०० रुपये, लांबच्या बाजारात १३००. फरक झाला ३००० रुपये. लांब जायचं जादा भाडं २२०० धरा. उरले ८००. पण भाव कालचा आहे. तुम्ही पोचेपर्यंत तिथं ५० रुपये उतरले, तर फरक राहिला १५०० चा, आणि ७०० रुपये पदरचे गेले. बाजारात सहाशे गोण्या येऊन पडल्या हे मोबाइलनं आधी सांगितलं नव्हतं!

मध्य प्रदेशात मात्र सोयाबीनचं निराळं झालं. तिथं २००० सालापासून एका कंपनीनं गावोगाव ‘ई-चौपाल’ उघडले. संगणकावर भाव दाखवला, आणि आपल्या केंद्रावर मालही विकत घेतला. म्हणजे खबरीबरोबर दुसरं गिऱ्हाईकही आलं. मंडीतल्या व्यापाऱ्याला हात सैल सोडावा लागला. तिथल्या मंड्यांतला भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला. वाढ लहान दिसते, पण लाखाच्या मालावर ती हजार ते तीन हजार रुपये होते, आणि जो मंडीतच विकत राहिला त्यालाही मिळते.

ज्याच्याकडे कांदाचाळ आहे आणि डोक्यावर उचल नाही, त्याला भाव ऐकून आठ दिवस थांबता येतं. बाकीच्यांनी घरातली जुनी हिशेबपट्टी काढावी. हमाली, तोलाई, भाडं वजा जाता क्विंटलमागं हातात काय पडलं, तो आकडा पाटीवर लिहावा. मोबाइलवर भाव आला की त्याच्याशी ताडून पाहावा.