आजारी मुलाजवळ कोण?



एके काळी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आजारी मुलांना भेटायला आईवडिलांना फार थोडा वेळ मिळे. आई निघाली की मूल रडते, म्हणून तिने येऊच नये, असा समज होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील चित्रपटातून दाखवले की, गप्प झालेले मूल रुळलेले असतेच असे नाही. ते दुःख आत दाबते. १९५९ च्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुक्त भेटीची शिफारस केली.

आपण काय शिकावे? तान्ह्याला आईचा स्पर्श व आवाज हवा. शाळकरी मुलाला खरे सांगा : 'सुई थोडी दुखेल, मी हात धरतो.' फसवलेले मूल पुढच्या वेळी परिचारिकेवर आणि आपल्यावरही विश्वास ठेवत नाही. किशोरवयीनांना परिचारिकेशी थोडे एकांतात बोलू द्या.

याईराच्या मुलीच्या खोलीत जाताना येशूने गर्दी बाहेर ठेवली. आईवडिलांना मात्र सोबत नेले (मार्क ५:४०). शेजारचे मूल रुग्णालयात असेल, तर डबा पोहोचवा, त्याची भावंडे सांभाळा. म्हणजे त्याची आई त्याच्या उशाशी बसू शकेल.