डोंगरवाट आणि मैत्री : शाळेच्या ट्रेकमधून मुलांना मित्र कसे मिळतात?



पावसाळा सरला की शाळांमध्ये सहलीची चर्चा सुरू होते. हल्ली बऱ्याच शाळा वॉटर पार्कऐवजी एखादा गड निवडतात. खूप चांगली गोष्ट आहे. पण गड निवडताना आपण बस, जेवण, संमतीपत्रं आणि गडाचा इतिहास एवढ्याचाच विचार करतो. वर्गातल्या ज्या मुलाला मधल्या सुट्टीत कोणी हाक मारत नाही, त्याचं त्या दिवशी काय होणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. आजचा लेख त्या मुलासाठी आहे.

फक्त एकत्र नेलं की मैत्री होते का?

नाही होत. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने केलेला एक प्रयोग बीएडला अनेकांनी वाचला असेल. साधारण अकरा वर्षांची २२ मुलं, त्यांचे दोन गट आणि डोंगराळ भागातलं एक शिबिर. दोन्ही गटांत बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, तसं वैर वाढलं. एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, उलट जेवणातच फेकाफेकी झाली!

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. शिबिराचं पाणी बंद झालं, ते दोन्ही गटांना मिळून शोधावं लागलं. जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सगळ्यांनी दोर लावून तो ओढला. हा दोर रस्सीखेचीचा होता बरं का! ज्या दोराने मुलं एकमेकांविरुद्ध जोर लावत होती, तोच आता सगळ्यांनी एका बाजूने ओढला. हे प्रसंग मोठ्यांनी मुद्दाम घडवून आणले होते, म्हणून या प्रयोगावर टीकाही झाली. तरी आपल्याला एक धडा मिळतोच. शेजारी बसवून मैत्री होत नाही, एकमेकांची गरज पडावी लागते. डोंगरात ही गरज मुद्दाम निर्माण करावी लागत नाही. वाटच ती निर्माण करते.

डोंगर नेमकं काय करतो?

राजगडाचं उदाहरण घ्या. गुंजवण्याहून चोरदरवाज्याने चढताना शेवटी उभा कातळ लागतो. रेलिंगला धरून वर जावं लागतं. तिथे पुढचा मुलगा मागच्याला सांगतो, "पाय इथे ठेव, तो दगड हलतोय." दोघं वर्षभर एका वर्गात असून कदाचित कधी बोललेलेही नसतील. मात्र त्या एका वाक्यात सूचना आहे, काळजी आहे आणि विश्वासही आहे.

दुसरं म्हणजे, वर्गातली उतरंड इथे चालत नाही. पहिला नंबर येणारा घसाऱ्यावर बसून घेतो, आणि मागच्या बाकावरचा, सुट्टीत गावी रानात हिंडणारा मुलगा त्याला हात देतो. करवंदाची जाळी कोणती, करवी कशी ओळखायची, टाक्यातलं कोणतं पाणी प्यायचं नाही, हे त्यालाच ठाऊक असतं. त्या दिवशी तो 'ढ' नसतो.

तिसरं कारण चालण्यातच आहे. चालताना दोघांचीही नजर वाटेकडे असते. समोरासमोर बसून बोलायला लाजणारं मूल खांद्याला खांदा लावून चालताना आपोआप बोलतं. मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं वाटत नाही, कारण चाल तर सुरूच असते!

मोठ्यांचंही उदाहरण आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळले. त्यांच्याशी दोराने बांधलेले तेनझिंग नोर्गे यांनी बर्फकुऱ्हाड रोवून दोर ताणून धरला आणि त्यांना वाचवलं. पुढे २९ मे रोजी हेच दोघं शिखरावर पोहोचले. वेगळा देश, वेगळी भाषा, पण जोडी जुळली ती एका दोराने.

पण सावधान! डोंगर एकटंही पाडतो

हे कोणी फारसं सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू या.

दमणारं मूल मागे पडतं. पुढची मुलं वर झाडाखाली बसून पाणी पितात, गूळ-शेंगदाणे खातात, हसतात. दहा मिनिटांनी हे मूल धापा टाकत पोहोचतं आणि तेवढ्यात हाक येते, "चला, सगळे आले, निघू या!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. वर "तुझ्यामुळे उशीर झाला" हे ऐकावं लागतं. असा दिवस ते मूल वर्षानुवर्षं विसरत नाही. तसंच, ज्या मुलीला आडोशाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, तिला गडावरची हवा कितीही छान असली तरी काय उपयोग?

म्हणून काही साधे नियम ठरवू या.

१. विश्रांती शेवटच्या मुलापासून मोजा. शेवटचं मूल बसलं, पाणी प्यायलं, की तिथून पाच-दहा मिनिटं.

२. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढून दुसरा-तिसरा ठेवा, मागे नको. सर्वांत मागे मात्र एक शिक्षक असलाच पाहिजे.

३. चौघांचा गट करा, आणि तो आपण करा. "आपापले गट करा" म्हटलं की एकटं मूल पुन्हा एकटंच उरतं. गटात एक ओळखीचा चेहरा असू द्या, बाकीचे नवे.

४. प्रत्येकाकडे सगळ्यांच्या उपयोगाचं एक काम द्या. एकाकडे प्रथमोपचाराची पिशवी, एकाकडे गटाचा खाऊ, एकाकडे कचऱ्याची पिशवी, एकाकडे शिट्टी आणि मोजणी. ही कामं दर थांब्यावर बदला, नाहीतर कचरा एकाच्याच गळ्यात पडतो.

५. शर्यत नको. "कोण आधी वर पोहोचतो बघू" हे वाक्य वाटेवर बंद. डोंगरात ते धोक्याचंही आहे.

६. साहित्याची यादी साधी ठेवा. पकड असलेले साधे बूट चालतात. सामायिक खाऊ गटातच वाटून खा, म्हणजे कोणाचा डबा कसला याची तुलना होत नाही.

७. मुलींच्या सोयीबद्दल आधीच बोला. सोबत शिक्षिका हवीच. दोघी-दोघींनी जायचं, कुठे थांबायचं, सॅनिटरी पॅड कोणाकडे आहेत, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा.

पालकांसाठी

मूल घरी आल्यावर आपण विचारतो, "मजा आली का?" उत्तर येतं, "हो." संपलं! त्याऐवजी विचारा, "कोणाबरोबर चाललास? दमलास तेव्हा कोण थांबलं? तू कोणासाठी थांबलास?" तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मित्र मिळवणं म्हणजे आपणही कोणासाठी तरी थांबणं, हे मुलाला तिथे उमगतं.

दर तासाला फोन करण्याचा मोह आवरा. शाळेने एक संपर्क क्रमांक दिलेला असतो, तो पुरेसा आहे. मूल घाबरलं तर आधी शेजारच्याचा हात धरू दे. आणि घरी येऊन नव्या मित्राचं नाव सांगितलं, तर "कुठे राहतो? मार्क किती पडतात?" हे लगेच विचारू नका हं!

एक लक्षात ठेवा. शांत मुलाला दहा मित्र लागत नाहीत. एक मिळाला तरी ट्रेक सार्थकी लागला.

सोमवारी काय?

डोंगरावर जुळलेली मैत्री वर्गात आली की विरते, कारण बाक तेच, जुने गट तेच. म्हणून ट्रेकचा गट निदान महिनाभर टिकवा. त्यांना वाचनालयाचं, बागेचं किंवा परिपाठाचं एक काम द्या. चौघांनी मिळून वाटेचा नकाशा काढावा. गुंजवणे, चोरदरवाजा, पद्मावती माची, बालेकिल्ला, सुवेळा माचीचं नेढं, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी कोणाला काय मदत केली ते एका ओळीत लिहावं.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. चढताना तुम्हाला कोणाची मदत झाली? तुम्ही त्याचे आभार मानले का?
२. वर्गात न दिसलेला कोणाचा गुण तुम्हाला डोंगरावर दिसला?
३. एखादा मित्र मागे राहिला तर त्याला न लाजवता सोबत कशी द्याल?
४. वर्गात सध्या 'मागे' कोण राहतंय? (याचं उत्तर वहीत लिहायचं, मोठ्याने सांगायचं नाही.)

चौथ्या प्रश्नाच्या वह्या तुम्ही एकट्याने वाचा. एकच नाव तीन-चार वह्यांत आलं, तर पुढच्या ट्रेकचा पहिला गट त्या नावापासून करायला घ्या.