श्वसनरोगांचे जंतू व निष्प्रभ होत चाललेली औषधे

पावसाळ्याच्या तोंडावर म्हैस एकाएकी चारा सोडते, तिच्या अंगात सडकून ताप भरतो, गळ्याखाली सूज येते व श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागते. हा घटसर्प होय. ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ नावाचे जंतू या रोगास कारण असून काही निरोगी जनावरांच्या घशातही ते दडून राहतात. पावसात भिजणे, अपुरा चारा वा लांबचा प्रवास यांमुळे जनावर क्षीण झाले की ते उचल खातात. सूज दिसू लागल्यावर पुष्कळदा एका दिवसातच जनावर दगावते. एवढ्या अल्प अवधीत टोचलेले पहिलेच औषध लागू पडणे अगत्याचे असते. ते न पडल्यास दुसरे शोधण्यास वेळ उरत नाही.

जंतूंना औषधाची सवय होते, असे बोलले जाते. वस्तुतः एखाद्या जंतूला सवय होत नसते. अनुकूल स्थितीत अनेक जातींचे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. कोट्यवधींच्या या प्रजेत एखाद-दुसऱ्याच्या ठायी असा फरक आपोआप पडतो की, औषध त्याला बाधत नाही. कोणी पेनिसिलीन फोडणारे द्रव्य निर्माण करतो, कोणी आत शिरलेले टेट्रासायक्लीन बाहेर लोटतो. औषधाने बाकीचे मरतात आणि मोकळ्या रानात याचीच प्रजा माजते. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारल्यावर बोंडअळी त्याला दाद देईनाशी होते, तसाच हा प्रकार आहे. इतकेच नव्हे, तर हा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात, असे जपानमध्ये १९५९ साली आमांशाच्या जंतूंवरील संशोधनात दिसून आले. त्यामुळे गोठ्यातील जंतू व घरातील जंतू यांच्यामध्ये पक्की भिंत आहे असे मानता येत नाही.

माणसांच्या न्यूमोनियाचीही हीच कथा आहे. त्याच्या एका प्रमुख जंतूवर पेनिसिलीन हमखास चालत असे. परंतु १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत पेनिसिलीनसह अनेक औषधांना न जुमानणारे त्याचे प्रकार आढळले. इस्पितळात कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांना होणाऱ्या न्यूमोनियात इतर औषधे थकली म्हणजे कोलिस्टिन द्यावे लागते. तेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातून वजन वाढविण्यासाठी दिले जात होते! त्याला न जुमानण्याचा, जंतूंमध्ये परस्पर पसरणारा गुण चीनमध्ये २०१५ साली उघडकीस आला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता या औषधाचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली.

कुक्कुटपालनात औषधाचा अपव्यय विशेष होतो. कोंबड्या शिंकू लागल्या की पाण्यात पूड मिसळली जाते. परंतु राणीखेत हा विषाणूंचा रोग असून त्यावर कोणतेही प्रतिजैविक औषध चालत नाही. कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग मायकोप्लाझ्मा जंतूंमुळे होतो. या जंतूंना पेशीभित्तिकाच नसल्याने तिच्यावरच घाव घालणारे पेनिसिलीन तेथे व्यर्थ ठरते. शिवाय आजारी पक्षी पाणी कमी पितो व त्याच्या पोटात अपुरी मात्रा जाते. अर्धवट मात्रा जंतूंच्याच पथ्यावर पडते.

घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी सर्व जनावरांस टोचून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. रोग आला तरच खर्च करू, हा हिशेब खोटा आहे. महाराष्ट्रात ही लस पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे व आजारी जनावर वेगळे बांधावे. कोणते औषध लागू पडेल हे पाहावयाचे असल्यास पहिली सुई टोचण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेणे इष्ट. प्रयोगशाळेत जंतूंच्या थरावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ कडे उमटते ते औषध बहुधा उपयोगी पडते. जनावर मेल्यास मज्जा असलेले लांब हाड पाठविले तरी रोगाचे निदान होऊ शकते. उपचार सुरू झाल्यावर जनावर चरू लागले म्हणून सुया मध्येच बंद करू नयेत. किती दिवस द्यावयाच्या हे पशुवैद्यकाने ठरवावे. औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीत घालू नये. उकळल्याने औषधाचा अंश नाहीसा होतोच असे नाही. औषधाचे नाव, मात्रा व तारीख गोठ्यातील वहीत टिपून ठेवावी, म्हणजे पुढील खेपेस येणाऱ्या पशुवैद्यकास आधी काय दिले होते हे विचारावे लागणार नाही.