प्लेगची कहाणी

(सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका रोगाने जगाला हादरवून सोडले. तोच रोग 1896 साली मुंबईत आला. माणसाने त्याच्याशी कसा सामना केला, ते या पाठात सांगितले आहे.)

प्लेग हा फार भयंकर रोग आहे. उर्दूत त्याला 'ताऊन' म्हणतात. या रोगात जोराचा ताप भरतो आणि जांघेत किंवा काखेत गाठी येतात.

सन 1347 मध्ये काळ्या समुद्राकडून आलेल्या व्यापारी जहाजांबरोबर हा रोग इटलीच्या सिसिली बेटावर पोहोचला. पाहता पाहता तो युरोपभर पसरला. चार-पाच वर्षांत तेथील दर तीन माणसांपैकी निदान एक माणूस मरण पावला. इजिप्त आणि सीरिया या देशांतही हाहाकार उडाला.

रोग कशाने होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अज्ञानातून भीती वाढली आणि भीतीतून द्वेष. 'यहुद्यांनी विहिरींत विष टाकले,' अशी अफवा युरोपात उठली. त्या अफवेमुळे हजारो निरपराध माणसे मारली गेली. खरे तर यहुदीही प्लेगने मरत होते. पण विचार कोण करतो? याउलट, प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याने 1348 साली दमास्कस शहरात वेगळेच दृश्य पाहिले. तेथे मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी घराबाहेर पडून एकाच संकटातून सुटण्यासाठी दुआ मागत होते.

पुढे साडेपाचशे वर्षांनी हा रोग आपल्या दाराशी आला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. तेथे धान्याची कोठारे होती आणि उंदीर पुष्कळ होते. घाबरलेले लोक शहर सोडू लागले. कोणी गलबतातून कोकणात गेले, तर कोणी आगगाडीने देशावर. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

पण या वेळी माणूस अगदीच असहाय नव्हता. यर्सिन या शास्त्रज्ञाने 1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगचे जंतू शोधून काढले होते. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. 1898 साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवतात. उंदीर मेला, की पिसवा त्याला सोडून माणसाला चावतात. शेकडो वर्षांचे कोडे सुटले!

ज्ञानाबरोबर सेवाही हवी. पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे नेत. ही सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

आज वेळेवर औषध मिळाले, तर प्लेगचा रोगी बरा होतो. मात्र अफवेवर औषध एकच आहे. ते म्हणजे खरी माहिती.

शब्दार्थ
निरपराध – बेकसूर
कोठार – धान्य साठवण्याची जागा
गलबत – शिडाचे जहाज
देश – सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेश

स्वाध्याय
1. प्लेग कसा पसरतो?
2. डॉ. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला का टोचून घेतली असेल?
3. दमास्कसच्या लोकांचे वागणे तुम्हांला कसे वाटले? चार वाक्ये लिहा.