शिवणीत माया ठेवायला सांग

लग्नाच्या खरेदीला निघण्याआधी माझं ऐक, पोरी. कारंज्यात चाळीस वर्षं मी बायांचे ब्लाऊज शिवले. दुकानात “तुमच्या मापाचं नाही” ऐकून मान खाली घालून माझ्याकडे आलेल्या बाया पुष्कळ पाहिल्या. अंगानं भरलेल्या बाईनं लाजावं असं त्यात काय आहे? आपल्या आज्या खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायच्या. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांची कांचळी बघ, पाठीवर नाड्यांनी बांधलेली. बाई भरली, बाळंत झाली, वाळली, तरी कपडा तिच्या अंगाबरोबर चालायचा.

म्हणून मापाला जुना ब्लाऊज देऊ नको. लग्नात आतून जे घालणार तेच घालून नवं माप दे, आणि पोट आत ओढू नको. दंडाचा घेर आणि छातीखालचा घेर आठवणीनं घ्यायला लाव. साडीसोबतचा तुकडा बहुधा ८० सेंटीमीटरचा असतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर आपल्याला तो पुरत नाही, मीटरभर जुळतं कापड वेगळं घे. दोन्ही बगलांना इंच-इंच माया ठेवायला सांग.

छाती जड असेल तर साध्या टक्सवर भागवू नको, कटोरी नाहीतर प्रिन्सेस कट घे. मुंढ्याचं मात्र नीट ऐक, कारण सगळ्या बाया इथंच चुकतात. काचतं म्हणून मुंढा मोठा करायला सांगतात. मुंढा खाली उतरला की हात वर करताच सगळा ब्लाऊज वर चढतो. मुंढा बगलेला धरून ठेवायचा, सैल करायची ती दंडावरची बाही. गळा मागून खोल हवा असेल तर पुढून आवर, नाहीतर खांदा उतरतो. घालून बघताना नुसती आरशासमोर उभी राहू नको. हात वर कर, खाली मांडी घालून बस, वाक.

आता परकर. नाडीचा बारीक गोफ कंबरेत रुततो, भरल्या अंगाला जास्तच. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन म्हाताऱ्या बायांची हकिगत छापली. वर्षानुवर्षं कंबर काचून झालेल्या जखमेचा कर्करोग झाला होता. तेव्हा तीन बोटं रुंद पट्टा लाव, सैल बांध, आणि कातडी काळी पडली, खाजली तर डॉक्टरला दाखव. परकर कळ्यांचा घे, कंबरेवर चुण्यांचा गठ्ठा होत नाही.

साडी नेसताना आधी पदर लावून घे, उरेल त्याच्या निऱ्या, पाच बोटं रुंद. नवी खळीची सुती साडी फुगते. दोनदा धुऊन मगच समारंभाला काढ. रंगाचं कोणाचं ऐकू नको, माय. जाड बाईनं काळं-निळंच घालावं हे मला कधीच पटलं नाही. तुला हळदीचा पिवळा खुलतो, तो घे.

ड्रेस शिवशील तर बाजूचा कट नितंबाच्या सगळ्यात रुंद जागेखाली सुरू करू नको, बसलीस की तिथंच उसवतो. अस्तर सुतीच लाव. वैशाखातल्या लग्नात मांड्या घासून सोलतात, आत गुडघ्यापर्यंतची सुती तंग विजार घाल.

रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आधी. माप मीच घेते, शिंप्याला कागद लिहून देऊ.