कुंपणाचे काम मक्त्याने देताना

मळ्यातील घर व परसबाग यांस तारेचे कुंपण घालण्याचे काम आता बहुधा गावातीलच मक्तेदारास दिले जाते. भाव ठरविण्यापूर्वी हद्द निश्चित करावी. शेजाऱ्याशी तिजविषयी थोडाही मतभेद असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मक्तेदार आपण दोरी धराल तेथेच खड्डे घेतो. पुढे दावा उभा राहिला तर तो मालकाच्याच माथी बसतो. हद्दीचे दगड मात्र कोणासही हलवू देऊ नयेत.

भाव धावत्या फुटावर ठरतो. त्या फुटात तारेचे पदर किती, तार कोणत्या गेजची, खड्ड्यात काँक्रीट की नुसती माती, हे कागदावर लिहून घ्यावे. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 14 गेजची तार 12 गेजहून स्वस्त पडते ती याचमुळे. खांब 8 ते 10 फुटांवर व जमिनीत निदान 2 फूट असावेत. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तेथे खोली अधिक घ्यावी.

खरी परीक्षा कोपऱ्याच्या खांबांची. तारेचा सारा ताण त्यांवर येतो. दोन्ही बाजूंस तिरके टेकू नसतील तर खांब आत झुकतो व तार सैल पडते. घाईचा मक्तेदार नेमके हे टेकूच वगळतो, आणि काँक्रीट भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तार ओढू लागतो. निदान 7 दिवस पाणी मारल्याखेरीज तार ताणू देऊ नये.

विसार अल्प द्यावा. शेवटचा हप्ता तार ताणून झाल्यावर, प्रत्येक खांब स्वतः हाताने हलवून पाहूनच चुकता करावा.